ट्रॅक्टर तुझा, किल्ली माझी



या वेळच्या जिल्हा बैठकीपुढे एक विषय आला आहे. वरून पाहिले तर मोठा साळसूद. एक कंपनी आपल्या शेतकरी गटांना आणि उत्पादक कंपन्यांना हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि सभासदांना मोबाईलवरचे ॲप फुकट द्यायला तयार आहे. बदल्यात सभासदांची यादी, मोबाईल नंबर, सातबाऱ्याचे उतारे आणि दर हंगामाच्या पेऱ्याची माहिती ‘फक्त’ भरून द्यायची. ‘फक्त’ हा शब्द त्यांच्या पत्रातला आहे, माझा नाही. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. भांडण एका कंपनीशी नाही. ही गेली तर दुसरी येईल आणि तिच्या पत्रातही हाच मजकूर असेल.

जो व्यापारी काट्याजवळ बसवून चहा पाजतो, तो चहाचे पैसे कशातून काढतो हे कापूस विकणाऱ्याला शिकवावे लागत नाही. ओलाव्यात काढतो, कडत्यात काढतो, पट्टीत काढतो. मग ॲप फुकट म्हटल्याबरोबर आपली ही अक्कल कुठे जाते? पोरगा म्हणतो, ‘बाबा, जग कुठे चालले आहे!’ आणि बाबा अंगठा पुढे करतात. पूर्वी सावकाराच्या कागदावर करत, आता काचेवर करतात. एवढाच फरक.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो, म्हणजे कोणी उगाच टोपी फेकू नये. मोबाईल विहिरीत टाका, संगणक जाळा, बैलाकडे परत चला असे सांगणाऱ्यांत मी नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी बंदी असलेले कापसाचे बियाणे दिवसाढवळ्या पेरले आणि गुन्हे अंगावर घेतले, ते तंत्रज्ञान नको म्हणून नव्हे, हवे म्हणून. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणाऱ्यानेच मग हाही प्रश्न विचारला पाहिजे की, जे हातात आले ते वापरायला, उघडायला, दुरुस्त करायला आणि नको तेव्हा सोडून द्यायला मी मोकळा आहे का? नसेन तर ते तंत्रज्ञान माझ्या दावणीला नाही, मीच त्याच्या दावणीला आहे.

हे कसे होते ते पाहायला अमेरिकेत जावे लागेल. तिकडचा कॅन्सास आणि टेक्सासचा पठारी भाग म्हणजे आपलेच मोठे भावंड. कॅन्सास तिथल्या ज्वारीत पहिला, टेक्सास कापसात पहिला, आणि त्यातला बराच पेरा आभाळाकडे डोळे लावून बसणारा. शेते आपल्यापेक्षा शेकडो पटींनी मोठी, यंत्रेही तशीच. त्या यंत्रांतली मोठी कंपनी जॉन डीअर. हा डीअर मूळचा लोहार. १८३७ साली इलिनॉय प्रांतातल्या एका खेड्यात त्याने पोलादी फाळाचा नांगर घडवला आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. त्या काळी नांगर मोडला तर गावचा लोहार सांधून देई. आज त्याच लोहाराच्या नावाची कंपनी गावच्या मिस्त्रीला बॉनेटखाली हात घालू देईना, इथपर्यंत गोष्ट आली.

कारण असे. आजचा मोठा ट्रॅक्टर किंवा कापणी यंत्र म्हणजे चाकांवरचा संगणक. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक यांच्यावर छोटे छोटे संगणक नेमलेले आणि जागोजागी सेन्सर. एखादा सेन्सर बिघडला की पडद्यावर एक आकडा येतो आणि कित्येकदा यंत्र आपण होऊन ताकद कमी करते. यंत्र धडधाकट, डिझेल भरलेले, पीक उभे, आणि गडी नुसता रांगतो आहे. बिघडलेला भाग शेतकऱ्याने बाजारातून आणला, बसवलाही. तरी कित्येक भाग असे की डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन येऊन ‘हा भाग मंजूर’ असे त्या संगणकाला सांगत नाही तोवर यंत्र त्याला ओळखच देत नाही. ते सॉफ्टवेअर डीलरपाशी पुरे, शेतकऱ्यापाशी अर्धे. आभाळ भरून आले आहे आणि डीलरचा माणूस दोन तालुके पलीकडे! ज्याचा वेचणीला आलेला कापूस अवकाळीत काळा पडला आहे, त्याला या दोन दिवसांची किंमत समजावून सांगायला नको.

शेतकरी म्हणाले, ट्रॅक्टर आमचा, पैसे मोजले, आम्ही उघडू. २०१५ साली या कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे आपले म्हणणे मांडले. मतलब असा की, ट्रॅक्टर शेतकऱ्याचा खरा, पण आतल्या सॉफ्टवेअरचा तो मालक नव्हे. ट्रॅक्टर चालेल तोवर ते वापरण्याचा परवाना त्याला मिळाला आहे, इतकेच. लाखो डॉलर मोजून घेतलेल्या यंत्राचा मालक होता होता तो भाडेकरू झाला. त्याच वर्षी त्या कार्यालयाने दुरुस्तीपुरती सूट दिली. कुलूप फोडणे गुन्हा राहिला नाही, पण किल्ली काही मिळाली नाही. मग काय झाले? २०१७ मध्ये बातम्या आल्या की अमेरिकेतले शेतकरी आपल्याच ट्रॅक्टरचे कुलूप काढायला युक्रेनमध्ये फोडलेले चोरटे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून विकत घेत आहेत. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातला शेतकरी, आणि स्वतःच्या गोठ्यात चोरासारखा!

युक्रेनवरूनच पुढची गोष्ट. २०२२ च्या युद्धात रशियन सैनिकांनी मेलिटोपोल शहरातल्या एका डीलरकडून याच कंपनीची यंत्रे लुटून पार चेचन्यापर्यंत नेली. किंमत सुमारे ५० लाख डॉलर. तिथे पोचल्यावर कळले की ती दुरूनच बंद करून टाकली आहेत. जगभर टाळ्या पडल्या. चोराची फजिती झाली, मीही हसलो. पण ज्या तारेने चोराचे यंत्र बंद पडते ती तार धन्याच्या यंत्रातही असतेच. आज ती चोरासाठी ओढली. उद्या हप्ता थकला म्हणून ओढली, सरकारने सांगितले म्हणून ओढली, तर? ओढणारा हात कोणाचा आणि त्याला अडवणारा कायदा कोणता, हे विचारल्याशिवाय नुसत्या टाळ्या वाजवणे परवडणारे नाही.

तिकडचे शेतकरी गप्प बसले नाहीत म्हणून थोडे हलले. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या फार्म ब्यूरो या शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेशी करार करून दुरुस्तीची साधने देण्याचे कबूल केले. कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने दोन राज्यांना बरोबर घेऊन कंपनीवर दावा लावला. आरोप हाच, दुरुस्तीची मक्तेदारी. हे सगळे यंत्रे घेऊन झाल्यावरचे भांडण आहे. आपले घ्यायचे बाकी आहे.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे कुठे असले ट्रॅक्टर? आमच्याकडे बियाण्याची पिशवी आहे. तीच पाहा. रब्बीच्या ज्वारीत मालदांडी घरातली पेरता येते. चांगली कणसे निवडायची, बी राखायचे, शेजाऱ्याला पायलीभर द्यायचे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने राखलेले बी पेरण्याचा, वाटण्याचा, बदलण्याचा, विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे, फक्त ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. कापसाचे तसे नाही. बीटी आपल्याकडे २००२ साली आले ते संकरित वाणात बसवून. सरकी राखून पेरली तर पुढचे पीक सारखे येत नाही, म्हणून दर मिरगाला दुकानाची पायरी. संकरित वाणाने उत्पन्न वाढले हे मी नाकारत नाही. पण पिशवी घेताना आपण जाणतो की ही दरवर्षी घ्यावी लागणार, आणि त्याचा हिशेब धरतो. सॉफ्टवेअरमध्येही मालदांडी आहे आणि पिशवी आहे. तिथे मात्र हिशेब कोणीच धरत नाही.

सॉफ्टवेअरमधल्या मालदांडीला ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ साली हे काम आरंभले. तत्त्व सोपे: वापरा, आतून कसे चालते ते पाहा, हवे तसे बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलेही द्या. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द असल्याने त्या बिचाऱ्याला जन्मभर खुलासा करत फिरावे लागले. मराठीत तसे गोंधळायचे कारण नाही. मुक्त ते मुक्त आणि फुकट ते फुकट. दाराशी आलेली कंपनी फुकट देते आहे, मुक्त देत नाही.

याचा दाखला लांब शोधायला नको, आमच्या कार्यालयातल्या कपाटात पडला आहे. जुने अंक ज्या सॉफ्टवेअरवर जुळवले ते एका कंपनीचे होते. संगणकाच्या पाठीमागे एक लहानसा डबा खोचल्याशिवाय ते चालत नसे. पुढे डबा बिघडला, कंपनीची आवृत्ती बदलली, आणि आज त्या फाइली उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. देवनागरीसाठी जगभर चालणारी युनिकोडची पद्धत १९९१ पासून आहे, पण छपाईच्या धंद्यात प्रत्येक कंपनीने आपापला फॉन्ट आपापल्या पद्धतीने बांधला, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये. मजकूर आमचा, घाम आमचा, अक्षरे मात्र त्यांची. कागदावर छापले होते म्हणून ते लेख वाचले, नाहीतर कापसाच्या भावाच्या चळवळीतले आपल्याच हातचे कागद आपल्यालाच वाचता आले नसते. फुकट सॉफ्टवेअरमध्ये गटाचे पाच वर्षांचे हिशेब भरून ठेवल्यावर कंपनीने दुकान गुंडाळले, किंवा सहाव्या वर्षी ‘आता महिना अमुक रुपये’ म्हटले, तर काय करणार? हिशेब तपासनिसापुढे चिन्हांचा कचरा मांडणार?

आता यादीकडे वळू. कंपनीला यादी कशाला हवी? २०१३ साली मोन्सँटोने क्लायमेट कॉर्पोरेशन नावाची कंपनी सुमारे ९३ कोटी डॉलरला विकत घेतली. तिच्याकडे ना कारखाना होता, ना बियाणे. होती ती हवामानाची आणि शेतांची माहिती, आणि ती वाचायची विद्या. माहितीची किंमत ही अशी. पुढल्याच वर्षी अमेरिकेतल्या शेतकरी संघटनांनी कंपन्यांना बसवून तत्त्वे लिहून घेतली की शेतातल्या माहितीचा मालक शेतकरी, आणि त्याला विचारल्याशिवाय ती पुढे जाणार नाही. सह्या झाल्या, पण बंधन स्वखुशीचे. टेक्सासच्या लबक भागात, म्हणजे कापसाच्या ऐन मुलखात, शेतकऱ्यांनी माहितीची सहकारी संस्थाच काढली, की विकायची असेल तर आम्हीच ठरवू, आम्हीच विकू. सहकाराचे आपल्याकडे काय झाले ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी त्याचे गोडवे गात नाही. पण निदान त्यांनी किंमत तरी विचारली.

तालुक्यात किती एकर पऱ्हाटी आहे, पेरा कधी झाला, कोणाकडे किती निघेल, कोणावर कर्ज आहे आणि कोण भाव पाहत घरात माल ठेवू शकतो, हे जिनिंगवाल्याला आणि औषधवाल्याला घरबसल्या कळले तर भाव कोण ठरवील? शेतकऱ्याचे सगळे पत्ते उघडे आणि समोरच्याचे मुठीत, असा हा डाव. ॲप तुमच्या पानाचा फोटो पाहून ‘हा रोग आहे’ म्हणते आणि त्याच पडद्यावर औषधाची बाटली दाखवते. ते डॉक्टर आहे की दुकानदार? कृषी सेवा केंद्रवाला दोन्ही असतो खरा. पण तो गावात राहतो, बाटली लागू पडली नाही तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येते.

सरकारी ॲपबद्दल बोललो नाही तर लबाडी होईल. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपला पेरा आपणच नोंदवावा, तलाठ्याच्या दारात जाऊ नये, ही कल्पना मला आजही पसंत आहे. ॲप हे एक दार म्हणून चांगले. एकच दार म्हणून वाईट. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करा, मग स्लॉट घ्या, असा नियम झाला. लांब धाग्याला ८११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७७१० रुपये क्विंटल हा भाव ॲपच्या पलीकडे, आणि अलीकडे रेंज नसलेले गाव, आधारला न जोडलेला नंबर, सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचे नाव. मुदत पुढे ढकलावी लागली यातच सगळे आले. त्याच साली १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क एका अधिसूचनेने उठले, ते वर्षअखेरपर्यंत. त्या कापसाला ना ओटीपी, ना स्लॉट, ना सातबारा. बंदरात बोट लागली की झाले! दार अरुंद केले ते कोणासाठी, हे यावरून ओळखा.

कायदा आहे की, असे वकील मंडळी सांगतील. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची तरतूद त्यातच केली. अनुदाने आणि लाभ देण्याच्या नावाखाली सरकारला त्यात मोकळीक आहे ती वेगळीच. कायद्याच्या भरवशावर गोठा उघडा टाकून झोपणारा मी तरी पाहिलेला नाही.

मग गटांनी करायचे काय? पहिली गोष्ट, सभासदाची माहिती ही गटाच्या सचिवाची मालमत्ता नाही. ज्याचा सातबारा त्याला विचारा, एकेकाला, घरी जाऊन. ‘सर्वानुमते’ असा ठराव लिहून चारशे माणसांची माहिती देता येत नाही. आणि विचारताना घरातल्या बाईलाही विचारा. फोन नवऱ्याच्या खिशात आणि उतारा सासऱ्याच्या नावावर असल्याने वखरापासून वेचणीपर्यंत राबणारी बाई या ॲपमध्ये कुठेच नसते, आणि पुढे मदत आली की ‘नोंद नाही’ हे तिलाच ऐकावे लागते.

दुसरे, सॉफ्टवेअर विकायला जो येईल त्याला ओट्यावर बसवून बैलाचे दात पाहावे तसे पाहा. माझी सगळी नोंद आत्ता, माझ्यासमोर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा फाइलीत काढून दाखव म्हणा. त्याने ‘करून देऊ’ म्हटले तर समजा होत नाही. रेंज गेल्यावर काय चालते ते फोनचे नेट बंद करून पाहा. तुझा पगार कोण देतो, हेही विचारा. शेतकऱ्याने दिलेल्या वर्गणीतून निघत असेल तर ठीक. औषध कंपनीच्या कमिशनवर किंवा यादी विकून निघत असेल तर तुम्ही गिऱ्हाईक नाही, तुम्ही माल आहात.

साधा जमाखर्च, सभासद रजिस्टर, काट्याच्या पट्ट्या यांना लिबरऑफिस पुरते. मुक्त आहे, मराठीत चालते आणि कोणाची यादी मागत नाही. शेतीच्या नोंदींसाठी फार्मओएस नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण ते बसवायला जाणता माणूस लागतो हे आधीच सांगतो. मुक्त म्हणजे बिनकष्टाचे नव्हे, मालदांडीलाही निवड आणि राखण लागते. तालुक्याला संगणक शिकून बसलेली पोरे आहेत, त्यांना पैसे द्या आणि काम करून घ्या. जीएसटी आणि ऑडिटसाठी सीए एखादे विकतचेच सॉफ्टवेअर हवे म्हणाला तर तेही घ्या, रोख पैसे मोजून, पावती घेऊन. विकत घेण्यात कमीपणा नाही. दर महिन्याला नोंदींची एक प्रत गटाच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर आणि एक कागदावर ठेवा, म्हणजे झाले.

बैठकीत मी ठराव मांडणार आहे तो असा: कंपनीचे पत्र आहे तसे नामंजूर. सॉफ्टवेअर हवे असलेल्या गटाने वर सांगितल्याप्रमाणे पारखून, वर्गणी देऊन घ्यावे, यादी देऊन नव्हे. शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळावा अशी मागणी राज्य आणि केंद्र सरकारकडे करावी, भावी ट्रॅक्टर दारात यायच्या आधी. आणि हमीभावाच्या खरेदीकेंद्रावर ॲपशिवाय, कागदी उताऱ्यावर नोंदणीची एक खिडकी प्रत्येक हंगामात उघडी असावी. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही यावे, विशेषतः तरुणांनी. कंपनीचे मूळ पत्र आणि त्याच्या मागचा बारीक अक्षरातला इंग्रजी करार, दोन्हींच्या प्रती टेबलावर ठेवल्या आहेत. करार १४ पानांचा आहे, वाचायला तासभर आधी यावे लागेल.